शहाण्याने पायरी चढावी

ऐन दिवाळीच्या अंकात या मास्तराने खड्ड्यांचे रडगाणे का मांडले, असे वाचक विचारतील. कारण सोपे आहे. दिवाळीला माणसे घरी येतात. मुंबई-पुण्याचा चाकरमानी भोरला येतो, वेल्ह्याकडच्या आपल्या वाडीवर जातो. लेक माहेरी येते, भाऊ भाऊबीजेला बहिणीकडे निघतो. ही सारी माणसे रस्त्यानेच येतात, आणि नुकत्याच सरलेल्या पावसाने रस्त्याची चाळण झालेली असते. फराळाच्या ताटावर बसून वाट पाहणाऱ्या घराला हा विषय परका वाटू नये.

माझे भांडण खड्ड्याशी नाही. खड्ड्यात पडल्यावर आपण जे करतो, त्याच्याशी आहे. आपण उठतो, कपडे झटकतो, हाड मोडले असेल तर प्लॅस्टर घालून घेतो आणि म्हणतो, "जिवावर आले होते, पायावर निभावले!" मग शेजारी येतात, ग्रहमानाची चर्चा होते, आणि शेवटी कोणीतरी ते वचन ऐकवतो: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

हे वचन ज्याने रूढ केले, त्याने अन्याय करणाऱ्यांवर अनंत उपकार केले आहेत! भाऊबंदकीत बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्याला ते अवश्य ऐकवावे. पण ज्याच्या हाती रस्ता सोपवला, त्याने तो राखला नाही म्हणून ज्याचा पाय मोडला, त्याला ते ऐकवणे म्हणजे चोराला सोडून धन्याला दटावणे होय.

कायदा काही आज आपल्या बाजूला आलेला नाही. १९५१ साली दिल्लीच्या चांदणी चौकातले घंटाघर कोसळले आणि माणसे मेली. दोष आतला होता, आम्हांला दिसला नाही, असे नगरपालिकेचे म्हणणे पडले. इमारत ८० वर्षांची होती; बांधकामातल्या चुन्याचा प्रकार पाहता तिचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रहदारीच्या रस्त्याकडेची इमारत तपासत राहणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. दोष ठाऊक नव्हता ही सबब चालणार नाही. मृतांच्या वारसांना भरपाई मिळाली. मिळाली, कारण त्यांनी ती मागितली.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने, २०१३ पासून चाललेल्या प्रकरणात, आकडे घालून आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारद्वारामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. नगरपरिषदेच्या हद्दीत ही रक्कम ठरवायची मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने. पैसे सहा ते आठ आठवड्यांत द्यायचे. उशीर केला तर ९ टक्के व्याज.

यावर पहिला आक्षेप सुज्ञ माणसे घेतात. "मास्तर, नगरपरिषदेचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचा!" न्यायालयाने याचाही विचार केला आहे. दिलेली भरपाई दोषी अधिकारी, अभियंता किंवा ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची आहे. ही कल्पना आमच्या भागाला नवी नव्हे. भोर तालुक्यातल्याच रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे पाटीलपण आड येऊ दिले नाही. हातपाय तोडण्याचे ते दिवस गेले, आणि गेले ते बरेच झाले. पण पद ही ढाल नव्हे, हा त्यातला न्याय आजही हवा आहे.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. भोर शहराला नगरपरिषद आहे. कोणाचे दार ठोठवायचे ते कळते. ज्या वेल्ह्याच्या तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले, तिथल्या वाडीच्या माणसाने काय करावे? माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन निघाले आणि खचलेल्या मोरीवर पडले. अर्ज मी लिहून दिला. एका कचेरीने सांगितले, रस्ता आमचा नव्हे. दुसरीने सांगितले, आमचा होता, पण वर्ग झाला. तिसरीत साहेब दौऱ्यावर होते. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, हे ठरेपर्यंत त्या गृहस्थांनी एक म्हैस विकली. उद्घाटनाच्या पाटीवर पुढाऱ्यांची नावे एवढी मोठी असतात. मग हा रस्ता कोणाच्या ताब्यात आणि दुरुस्तीची मुदत कधीपर्यंत, एवढ्या दोन ओळी तिथे का मावत नाहीत?

तिसरा आक्षेप मनातला आहे. भरपाई मागणे आपल्याला भीक मागितल्यासारखे वाटते. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण "मायबाप सरकार" म्हणून हात जोडण्याची आमची सवय काही विलीन झाली नाही. घरपट्टी भरताना आपण ऋणी असतो आणि हक्क मागताना याचक! भरपाई ही कृपा नव्हे, ते देणे आहे.

तेव्हा वाचकहो, पडलात तर नशिबाला हाक मारण्याआधी एवढे करा. जागेची छायाचित्रे घ्या. पोलिसांत नोंद करा. इस्पितळाचा एकही कागद टाकू नका. अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. नगरपरिषदेवर दिवाणी दावाच लावायचा झाला, तर १९६५ च्या कायद्याप्रमाणे महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून वेळ दवडू नका आणि वकिलाला लवकर गाठा.

न मागितलेली प्रत्येक भरपाई पुढच्या माणसासाठी तोच खड्डा उघडा ठेवते. तुमच्या मोडक्या पायाचा हिशेब कोणाच्या पगारातून वा बिलातून कापला गेला, तरच पुढच्या पावसाआधी तिथे खडी पडेल. म्हणून म्हणतो, शहाण्याने पायरी चढावी. आणि जो चढतो आहे, त्याला शेजाऱ्यांनी हात द्यावा.