प्रकल्प पोराचा, घाम आईचा

स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. 'हल्लीच्या पोरांना अभ्यासाची गोडीच नाही' हे रडगाणं आता बंद करा. गोडी लागणार कशी? प्रश्न कळायच्या आधीच आपण उत्तर हातात ठेवतो, तेही गाईडमधलं.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कृती, प्रकल्प, उपक्रम सगळं कागदावर आलं. प्रत्यक्षात काय झालं? आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात गर्दी. तयार चित्रं आणायची, आईनं चिकटवायची, ताईनं शीर्षक रंगवायचं आणि गुण पोराला. हे शिक्षण नाही, खोटी बिलं काढायची शिकवणी आहे.

समस्येतून शिकवणं म्हणजे हे नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ मध्ये डॉक्टर घडवायला ही पद्धत आणली. आधी रुग्णाची अडचण, मग पुस्तक. आपल्याला त्यासाठी कॅनडा नको, स्मार्ट बोर्डही नको. उन्हाळ्यात दारात टँकर येतोच की! सातवीच्या वर्गाला विचारा: टँकर १०,००० लिटरचा, घरं ८०, पाणी वाटायचं कसं? पोरं लगेच भांडतील. घरटी सारखं की माणसं मोजून? जनावरांचं काय? हंड्यात किती लिटर मावतं? आता गुणोत्तर त्यांनाच हवं असतं, कारण त्याशिवाय भांडण जिंकता येत नाही. काय माहीत आहे, काय शोधायचं, कुठं चुकलं, हे पोर स्वतः ठरवतं. प्रशिक्षणात 'स्वयंनियमन' म्हणून जो जड शब्द ऐकवतात ना, तो हाच. क्लासची फी भरून तो मिळत नाही.

'मग पोर्शन कोण संपवणार?' वेळ जातो, खरंय. शिवाय नुसता प्रश्न टाकून सर खुर्चीत बसले तर चार हुशार पोरं काम करतील, बाकीची बघत बसतील. अडलेल्याला नेमका हात द्यायला शिक्षक वर्गातच लागतो. आपण त्याला वर्गात राहू देतो का? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. तरी लिंक भरा, माहिती पाठवा, फोटो टाका हे सुरूच. फोटो वर गेला की उपक्रम झाला!

म्हणून पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी एवढंच विचारा: या महिन्यात पोरांनी स्वतः सोडवलेला एक प्रश्न दाखवा. तक्ता नको, वही दाखवा. खाडाखोडीसकट.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू.