दैव की मोजदाद?
(द्वितीय वर्ष, कला)

पत्ते म्हटले की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पत्त्यांनी घर बुडते. खेळणारे म्हणतात, पान लागले तर नशीब, नाही तर दैव आडवे आले. या दोन्ही मतांत मोजण्याला जागा नाही आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

द्यूतात सर्वस्व हरून वनात आलेल्या धर्मराजाला बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात. त्या कथेत ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्यावर पाने किती, फळे किती ते सांगून टाकतो. नल झाड तोडून फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो. झाडाचा असा अंदाज बांधणाऱ्यालाच फासे कळतात, असे ही कथा सांगते. ती विद्या शिकून नल गेलेले राज्य परत मिळवतो. विशेष हे की कथा संपल्यावर ऋषी धर्मराजाला कोरडा उपदेश करीत नाहीत. ती विद्याच त्याला देतात.

आज ही विद्या पाहायची तर पोकरमध्ये पाहावी. हा खेळ अमेरिकेत वाढला. त्यातल्या ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने टप्प्याटप्प्याने मध्ये उघडी पडतात आणि या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लागतात. वसतिगृहात आम्ही चिंचोके लावतो.

बावन्न पानांतून दोन पाने १३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांत कोणतीही जोडी ७८ प्रकारे, म्हणजे १७ डावांत एकदा. दोन एक्के अवघ्या ६ प्रकारे, म्हणजे २२१ डावांत एकदा. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूने १९७६ मध्ये या सुरुवातीच्या हातांची बळाप्रमाणे प्रतवारी लावून पुस्तकात छापली. हे ज्याला ठाऊक आहे, तो बरेचसे डाव पहिल्या दोन पानांवरच सोडून देतो.

पण खरी गंमत समोरच्याची पाने ओळखण्यात आहे. नवखा म्हणतो, ‘त्याच्याकडे एक्केच आहेत!’ जाणता असे एकच पान धरून बसत नाही. तो शक्यतांचा सगळा पट्टा डोळ्यांपुढे ठेवतो. यालाच खेळाडू ‘रेंज’ म्हणतात. समजा, समोरचा जपून खेळणारा आहे. रात्रभर पाहून मला कळले आहे की दोन एक्के, दोन राजे, दोन राण्या किंवा एक्का-राजा असल्याशिवाय तो एवढी रक्कम चढवत नाही. पहिल्या तीन जोड्या प्रत्येकी ६ प्रकारे, म्हणजे १८. एक्का-राजा १६ प्रकारे. एकूण ३४. माझ्या हातात दोन गुलाम असतील, तर त्या १८ जोड्यांपुढे मी पाचांत जेमतेम एकदा जिंकेन; एक्का-राजापुढे निम्म्याहून थोडे अधिक वेळा. सगळे मिळून शंभरांत सुमारे ३६ वेळा. आता डावात २०० चिंचोके असून मला शेवटचे १०० घालायचे असतील, तर तीनांत एकदा जिंकणे पुरते, घालावेत. डावात १२० च असतील, तर गुलाम कितीही देखणे असले तरी टाकावेत.

आणि गुलामांऐवजी माझ्याकडे एक एक्का असता तर? समोरच्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर आले असते आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर. माझ्या हातातले पान त्याच्या हातात असू शकत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. यात मन ओळखण्याची जादू नाही. जे शक्य आहे ते मांडायचे आणि नवी खूण दिसली की एकेक खोडत जायचे.

मित्रहो, हे मी पत्त्यांसाठी सांगत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पहिल्या वर्षी एका कचेरीत शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी माझी बोली ऐकूनच विचारले, ‘दिवाळीपर्यंत तरी टिकशील का रे?’ अर्ज त्यांनी उलगडलाही नव्हता. एका पानावरून त्यांनी सारा हात ठरवला होता. हे एकतर्फीही नाही. इंग्रजी बोलणारी मुलगी दिसली की ती आढ्यतेखोर असणारच, असे ठरवून मोकळी होणारी माझ्या गावाकडची मुलेही याच वर्गात आहेत. उमेदवाराचे आडनाव वाचून त्याची लायकी ठरवणारा आणि ‘त्याच्याकडे एक्केच आहेत’ म्हणणारा, दोघांचा दोष एकच.

यावर आमचे प्राध्यापक म्हणतील, तू जुगाराची वकिली करतोस. मुळीच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तो योग्यच आहे. अशा खेळांत खेळवणारा आपला हिस्सा काढून घेतो. म्हणजे बसलेल्यांनी मिळून जेवढे आणले, तेवढे त्यांच्याकडे परत जाणे शक्यच नसते. मोबाईलवर पैसे घालवणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना ‘नशीब फुटके’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. ही वजाबाकी करून दाखवणारा कोणी भेटला नाही. मोजता येणाऱ्याला उठायचे केव्हा हेही कळते, आणि मुळात बसू नये हेही.

कला शाखेला आलो म्हणजे गणिताशी कायमची फारकत झाली, असा आपल्यात समज आहे. तो सोडावा. तर्कशास्त्राच्या एका तासाला सरांनी पत्त्यांचा एक कॅट वर्गात आणावा आणि संभाव्यता शिकवावी, एवढेच माझे मागणे आहे. चिंचोके आम्ही आणू.