घरट्याचा पत्ता

पाऊस लागला की तिबोटी खंड्या पाहायला लोक कर्नाळ्याला जातात. मला तो २०२२च्या जुलैत घरामागच्या वहाळावर दिसला. चिमणीहून लहान; पोट हळदीसारखे पिवळे, डोक्यावर जांभळी झाक, चोच लालभडक आणि पायाला तीनच बोटे. चोचीत सापसुरळी धरून तो काठाच्या मातीतल्या बिळात शिरला. आत पिले होती. मी छायाचित्र काढले आणि फुशारकीने मित्रांना पाठवले, ‘कर्नाळ्याला कशाला जाता, आमच्याकडे या’ असे लिहून.

लोक आले. मित्र आले, मित्रांचे मित्र आले. चौथ्या दिवशी वहाळाशी सात गाड्या उभ्या होत्या. चित्र स्वच्छ यावे म्हणून कोणी बिळापुढच्या फांद्या छाटल्या, कोणी पक्ष्याला बसायला काठी रोवली. खंड्या चोचीत खेकडा घेऊन पलीकडच्या झाडावर अर्धा तास बसून होता, बिळाकडे वळेना. आठवड्याने बीळ ओस पडले. पिले उडून गेली असतील, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. ती खोटी आहे, हे मला ठाऊक होते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात मारणे, पकडणे, सापळा लावणे आहेच. पण पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे, हेही आहे. हातात बंदूक नाही, एवढ्यावर आपण स्वतःला पक्षिमित्र म्हणवून घेतो. कायदा मात्र आपल्याला वेगळ्याच नावाने ओळखतो.

यावर कोणी म्हणेल, पाहिल्याशिवाय माया कशी लागणार? मान्य आहे. सालिम अलींच्या पिढीला अभ्यासासाठी पक्षी मारून हातात घ्यावा लागे. आज पुष्कळदा एका छायाचित्रावर काम भागते, हा कॅमेऱ्याचा मोठाच उपकार. दुर्मिळ पक्षी दिसला तर त्याची नोंदही झालीच पाहिजे. जात, तारीख, तालुका, सगळे लिहावे. परंतु घरट्याचा पत्ता म्हणजे नोंद नव्हे. तो ज्याचा आहे, त्याच्यापाशीच राहिला पाहिजे. आणि वीण चालू असेल तेथे कॅमेरा बंदच ठेवला पाहिजे.

मी बँकेत तीस वर्षे काढली. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हे आम्ही नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. तो नियम मी कधी मोडला नाही. मोडला असता, तर खातेदार तक्रार घेऊन साहेबांपुढे उभा राहिला असता. खंड्याने कोणापुढे उभे राहावे?

आता पावसाळ्यात वहाळावर जातो, तो फक्त दुर्बीण घेऊन आणि लांबच बसतो. यंदा काय दिसले, ते मात्र विचारू नका.