आधी लाकडाकडे बघा!

‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव एनसीसीवाल्यांना नवं नाही. ली-एनफील्ड घराण्यातल्या ‘नंबर ४’ या महायुद्धकाळातल्या रायफलवर इंग्लंडमध्ये बिस्लीच्या रेंजवर आजही स्पर्धा होतात. तिथे गोळ्या टार्गेटभर विखुरल्या की पहिला आळ बॅरलवर येतो. बऱ्याचदा तो खोटा असतो. बिघडलेली असते ती लाकडातली बैठक, म्हणजेच बेडिंग.

या रायफलचं पोलाद लांबलचक लाकडात बसतं. मागच्या बाजूला लाकूड डावी-उजवीकडे सारखं टेकायला हवं. मधे बॅरल मोकळी आणि तोंडापाशी लाकडाने तिला २ ते ७ पौंडांच्या जोराने वर रेटायचं. गोळी सुटताना बॅरल थरथरते. आधार दर वेळी तोच मिळाला, तरच गोळी त्याच जागी जाते. पण ऐंशी वर्षांत लाकूड आटतं, दमट हवेत फुगतं, तेल पिऊन मऊ पडतं. मग टेका एकाच बाजूला येतो.

यावर हल्लीचा झटपट उपाय म्हणजे लाकूड कोरा आणि इपॉक्सी ओता. नव्या रायफलला खुशाल करा. जुनीला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरलेलं लाकूड परत येत नाही, ‘सैन्यात होती तशीच’ रायफल मागणाऱ्या स्पर्धांची दारं बंद होतात, आणि मूळ दोष काय होता तेही कळत नाही.

जुने आर्मरर धातूला पातळ रंग लावायचे, रायफल लाकडात बसवून काढायचे आणि डाग पडेल तेवढंच खरवडायचे. मेकॅनिकलवाल्यांनो, वर्कशॉपमधलं प्रशियन ब्लू आठवलं ना? तेच. झिजलेल्या जागी कठीण लाकडाचं ठिगळ. वेळखाऊ आहे, मान्य. लाकूड पार कुजलंच असेल तर इपॉक्सीला माझी ना नाही. (आणि हो, आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. घरी प्रयोग नकोत!)

त्याआधी ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू तपासायला हवा. तो धातूच्या एका कॉलरमधून जातो. लाकूड आटलं की स्क्रू त्या कॉलरवरच आवळला जातो. हाताला घट्ट लागतो, पण लाकूड आत सैलच असतं.