पेटी कपाटात ठेवू नका

"पोराला गाण्याचा नाद लागलाय, अभ्यासाचं कसं व्हायचं?" असे आमच्या बदनापुरातले पालक काळजीने विचारतात. ही काळजी खोटी नाही. मोलमजुरी करून किंवा तुटपुंज्या पगारावर मुले शिकवायची, तर डॉक्टर, इंजिनिअर, निदान सरकारी नोकरी एवढेच डोळ्यांपुढे येते. पण संगीत हेही शिक्षण आहे. त्यालाही वय आहे, क्रम आहे, खर्च आहे. म्हणून मुंबईच्याच एका मुलाची वाटचाल आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

झुबीन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढे १९४५ साली ते स्वतः न्यूयॉर्कला व्हायोलिनचे शिक्षण घेण्यासाठी गेले व चार वर्षांनी परतले. संसार असलेला बाप पुन्हा विद्यार्थी होतो, हे मुलाने लहानपणीच पाहिले.

तरीही मुलाची पावले आधी डॉक्टरकीकडेच वळली. सेंट झेवियर्स कॉलेजात तो अभ्यास चालू होता. तो सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, झुबीन व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत दाखल झाले. हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद चालविण्याचे शिक्षण घेतले, सोबत डबल बास हे वाद्यही शिकले. मोठ्या संचालकांच्या तालमी पाहायला मिळाव्यात म्हणून ते व त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो चक्क गायनवृंदात जाऊन उभे राहिले. शिकण्याची भूक म्हणतात ती ही! १९५६ साली हंगेरीतून निर्वासित आले, तेव्हा विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांनी छावणीत कार्यक्रम केला. १९५८ साली लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे १९६२ पासून लॉस एंजेलिस आणि १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, अशा नामवंत वाद्यवृंदांची धुरा त्यांनी वाहिली.

आम्ही पडलो कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. व्हिएन्नाला जाण्यापासून स्पर्धा जिंकेपर्यंत वर्षे लागली चार. त्याआधी मुंबईत गेली अठरा. घरात गुरू, घरात वाद्य, रोज कानावर तालीम. परदेश ही शेवटची पायरी होती; पहिली पायरी घराच्या उंबरठ्यातच होती.

आता आपली बाजू पाहू. कान आपल्या मुलांकडे आहे. जयंतीच्या दिवसांत आठ-दहा वर्षांची पोरे ढोलकीवर ठेका धरतात, पेटीवर चाल काढतात, कुणी शिकविलेले नसताना. मात्र जयंती संपली की पेटी कपाटात जाते ती पुढच्या एप्रिलपर्यंत. वर्षातले अकरा महिने रियाज नाही, गुरू नाही, सुरांची लिपी वाचता येत नाही. परदेशातील संगीत विद्यालये प्रवेशाआधी वाजवून किंवा गाऊन दाखवायला लावतात. तिथे अकरा महिन्यांची तूट लपत नाही.

काहींना वाटते, गाणे-बजावणे म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यांनी लक्षात ठेवावे की, १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्या बाबासाहेबांनी ग्रंथांच्या एवढ्या व्यापातही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पुढे अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची वेगळी योजना आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायरी-पायरीने देता येतात. पण चौदा वर्षे उलटल्यावर जागे झालो, तर पहिली संधी हातची गेलेली असते.

परदेशाच्या बाबतीत मात्र तक्रार नोंदविली पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास यांवरचे विषय वगळण्यात आले. आपल्याच संगीतावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या मुलाने मग कुठे जायचे? विद्यापीठांची जागतिक क्रमवारी पाहून पैसे द्यायचे म्हटले, तर केवळ संगीत शिकविणाऱ्या नामांकित संस्था त्या सर्वसाधारण यादीत नसतातच. हे बदलून घेण्यासाठी निवेदने द्यावी लागतील, पाठपुरावा करावा लागेल.

तोवर आपल्या हातातले काम आपण करू. विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणी सुरू करावी. जालना व छत्रपती संभाजीनगर दोन्ही बाजूंनी रेल्वेने जोडलेले आहेत. तेथून शिक्षक आणता येईल. चार घरांनी वर्गणी काढली तर त्याचे मानधन व भाडे निघते. मुलींनाही बरोबरीने बसवावे. शाळेचा अभ्यास सुटता कामा नये, ही अट ठेवावी. पण परीक्षा जवळ आली म्हणून रियाज बंद करू नये, रोजचा अर्धा तास तरी ठेवावा.

सगळीच मुले व्हिएन्नाला जाणार नाहीत, जाण्याची गरजही नाही. परंतु एखाद्याच्या अंगी ते बळ असेल, तर ते कळण्याआधीच त्याची पेटी बंद होऊ नये, एवढी जबाबदारी पालकांची व समाजाची आहे. या सोमवारीच कपाट उघडा.