मुंबईचं विमान नको, दिल्लीची वेळ द्या

नाशिकच्या ओझर विमानतळावरून एकेकाळी उडालेल्या विमान कंपन्यांची नावं ओळीने घ्यायला लागलं, की पितृपक्षात गुरुजी पितरांची नावं विचारतात त्याची आठवण येते. किंगफिशर, एअर डेक्कन, जेट, ट्रूजेट. यांतली एकही आज उडत नाही. मेहेरचं नऊ आसनी विमान २०१५ मध्ये पुण्याला जाऊ लागलं आणि लोकांना नीट कळायच्या आत बंदही झालं. स्पाइसजेटने २०२० मध्ये दिल्ली-हैदराबाद सुरू केलं, पुढे तेही गुंडाळलं. त्यामुळे आमच्या वणीत एक मत कायम होऊन बसलंय : ‘नाशिकला इमान चालत नाही.’

मला ते पटत नाही. आधी हे बघायला हवं, की कोणतं विमान कशाने बंद पडलं. दिल्लीची सेवा जेटने जून २०१८ मध्ये सुरू केली. ती गेली कारण जेटच बुडाली; एप्रिल २०१९ मध्ये तिची देशभरातली सगळी विमानं जमिनीवर आली. सावकार बुडाला म्हणून कुळ नादार ठरत नाही. मुंबईच्या विमानाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते दर वेळी स्वतःच्याच हिशेबाने मेलं आणि पुन्हा सुरू केलं तर पुन्हा मरेल.

हिशेब साधा आहे. विमानाचं इंधन सर्वांत जास्त जळतं ते उडून वर चढताना. उतरण्याचं शुल्क, जमिनीवरची माणसं हा खर्च दीडशे किलोमीटरला आणि हजार किलोमीटरला फारसा बदलत नाही. तिकीट मात्र अंतर बघून आणि शेजारून पळणारी गाडी बघून लावावं लागतं. नाशिक-मुंबईला शेजारून काय पळतं? पंचवटी, वंदे भारत, शिवनेरी आणि ५ जून २०२५ पासून इगतपुरीपुढचा समृद्धी महामार्ग. वणीच्या माणसाने जानोरीला, म्हणजे ओझर विमानतळाच्या इमारतीत, तासभर आधी पोचायचं, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या आणि उतरल्यावर अंधेरीच्या वाहतुकीत सापडायचं. तेवढ्या वेळात कसारा घाट उतरलेला माणूस भिवंडीला शिव्या देत का होईना, ठाण्यात शिरलेला असतो.

त्यात मुंबईची धावपट्टी. एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये एकोणीस आसनी विमान आणलं, तेव्हा खरी ओढाताण झाली ती मुंबईत उतरण्याच्या वेळांची. धावपट्टीवर एकोणीस माणसांचं विमान जवळपास तेवढाच वेळ खातं, जेवढा एकशेऐंशी माणसांचं खातं. मुंबईने आपल्याला सोयीची वेळ का द्यावी? आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. मुंबईहून पुढे परदेशी जाणारा नाशिककर मोटारीने तिथे जाईल, ओझरला येणार नाही. लोकप्रतिनिधींनी मुंबईच्या विमानाची निवेदनं देणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिल्ली सुमारे हजार किलोमीटरवर आहे. राजधानीने रात्र जाते, विमानाने दोन तास. बंगळूरुला जायचं तर मनमाडला जाऊन कर्नाटक एक्स्प्रेस धरायची आणि जवळपास अख्खा दिवस डब्यात काढायचा. दिंडोरी-कळवण पट्ट्यातली शिकलेली पोरं बंगळूरु-हैदराबादला नोकऱ्या करतात आणि दिवाळीला घरी यायचं म्हटलं की मुंबई किंवा पुण्यात उतरून पुढे रात्रीची गाडी शोधतात. सातपूर, अंबड, सिन्नरचे कारखानदार आहेत, देवळालीचं लष्कर आहे, द्राक्षाचे निर्यातदार आहेत. माणसं आहेत. इंडिगोने मार्च २०२३ मध्ये गोवा, नागपूर, अहमदाबादपासून सुरुवात केली आणि २०२४ मध्ये दिल्ली-बंगळूरुपर्यंत मजल मारली, ती काही कुणावर उपकार म्हणून नव्हे.

देवस्थानाच्या भरवशावर मात्र राहू नये. सप्तशृंगी गडावर चैत्रात आणि नवरात्रात जी गर्दी लोटते, ती खानदेशातून, गुजरातेतून, पायी आणि एसटीने. त्या माउलींना विमानाशी कर्तव्य नाही. दक्षिणेतून विमानाने येणारा भाविक साईबाबांचा आणि त्याच्यासाठी काकडीला २०१७ पासून शिर्डीचा स्वतंत्र विमानतळ आहे. २०२७ च्या कुंभाचंही तेच. त्यानिमित्ताने ओझरला दुसरी धावपट्टी मंजूर झाली, उत्तम झालं. पण चार दिवसांच्या पर्वण्यांवर वर्षभराचं वेळापत्रक चालत नसतं.

धावपट्टीवरून एक गोष्ट सांगायला हवी. ओझरची पट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नाही. १९६४ मध्ये एचएएलचा कारखाना आला, जुनी माणसं त्याला अजून ‘मिग’च म्हणतात. मिग गेलं, सुखोई आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या जुळणीचं उद्घाटनही तिथे झालं. तीन किलोमीटरची ती पट्टी लढाऊ विमानांच्या पैशाने तयार झालेली आहे. राज्य सरकारने जानोरीच्या शिवारात ८४ कोटींची काचेची इमारत बांधली, मार्च २०१४ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि मग कित्येक महिने तिथे नियमित विमानच नव्हतं. तरीही चिपी विमानतळाच्या तुलनेत आपण सुखी. सिंधुदुर्गात माळरानावर सगळंच नव्याने उभारावं लागलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं आणि २०२४ मध्ये ते थांबलं.

तीन वर्षांनी थांबणं हा योगायोग नाही. ‘उडान’ योजनेचं गणितच तीन वर्षांचं आहे : निम्म्या जागा ठरलेल्या स्वस्त दरात विकायच्या, तोट्याची भरपाई सरकारने करायची आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला मज्जाव. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये याचा ताळेबंद मांडला. ७७४ मार्ग दिले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. मार्च २०२३ मध्ये त्यांतले ५४ मार्ग टिकून होते. टेकू काढला की विमान बसतं, कारण टेकू तिकिटाला होता. प्रवाशाची सवय तीन वर्षांत जडत नाही. आणि मधेच एकदा सेवा रद्द झाली, की तो पुन्हा मुंबईचंच तिकीट काढतो.

द्राक्षांचा मुद्दा प्रत्येक सभेत निघतो, तोही निकालात काढू. द्राक्षं समुद्राने जातात, न्हावाशेवाहून थंड कंटेनरात. एका कंटेनरात दहा टनांहून जास्त माल असतो. एटीआर विमानाची माणसांसकट सगळी वजन उचलण्याची ताकद सात-साडेसात टन. म्हणजे अख्खं विमान रिकामं ठेवलं, तरी एक कंटेनर त्यात मावणार नाही. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा भाडं वाढलं, दिवस वाढले, तरी हा हिशेब उलटला नाही. ओझरवरून मालवाहू विमानाने आखातात गेल्या त्या जिवंत शेळ्या-मेंढ्या. आमच्या बागायतदारांपेक्षा त्यांचं नशीब मोठं!

मग करायचं काय? अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. ओझरसारखंच विमानं बनवणारं. आपल्याकडे आलेली मेहेरची सेसना आणि डेक्कनची बीचक्राफ्ट दोन्ही तिथल्याच. एवढं असून तिथल्या लोकांना प्रवासाला स्वस्त विमान मिळेना. २००२ मध्ये शहर आणि स्थानिक व्यावसायिक पुढे आले, एअरट्रॅन कंपनीला ठरावीक उत्पन्नाची हमी दिली आणि विमान आणलं. हमी तिकिटाला नव्हती, मार्गाला होती.

नाशिकच्या उद्योजकांनी आणि निर्यातदारांनी हाच सौदा करावा. दिल्लीच्या रोज इतक्या जागा वर्षभर आम्ही घेतो, मोबदल्यात विमान रात्री ओझरला मुक्कामी ठेवा, सकाळी सहा-सातला सोडा आणि रात्री परत आणा. दुपारी सुटणाऱ्या विमानाने दिल्लीत एक रात्र हॉटेलात मोडते. व्यापाऱ्याला ते तिकिटापेक्षा महाग पडतं. राज्याने पैसे द्यायचेच असतील, तर या मुक्कामासाठी द्यावेत, रात्रीच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पार्किंगच्या शुल्कासाठी. एचएएलने चाचणी उड्डाणांच्या वेळा आणि प्रवासी विमानांच्या वेळा वर्षभर आधी एकत्र बसून ठरवाव्यात. आणि एसटीच्या दिंडोरी-वणी मार्गाच्या वेळापत्रकात एक पहाटेची फेरी जानोरीवरून वळवावी. तिला पहिले काही महिने पाच-सहाच प्रवासी मिळतील. तरी ती बंद करू नये.

— वणीकर