गोंगाट कुणाच्या कानाने मोजायचा?

सेन्सरांचं बिनतारी जाळं बांधणाऱ्यांत एक समजूत घट्ट बसली आहे: प्रत्येकाने जवळच्या शेजाऱ्याशीच बोलावं, जोडण्या मोजक्या ठेवाव्यात, की व्यत्यय आपोआप घटतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली ती खोडून काढली. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींनी व्यत्यय ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजला आणि एका रेषेतल्या सेन्सरांच्या मांडणीला ‘हायवे मॉडेल’ म्हटलं. हायवेच म्हणता, तर कळंबोलीला या.

पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच सुटतो. समजा, त्याच्या कडेला दहा खांब, प्रत्येकावर एक सेन्सर. खांबांमधली अंतरं 1, 2, 4 मीटर अशी दुप्पट होत 256 पर्यंत. (असे खांब कुणी रोवणार नाही, कबूल. पण समजुतीची परीक्षा सोप्या पेपराने घेत नाहीत.) शेजाऱ्याशी शेजारी जोडा. दहाव्यापर्यंत पोचायला नवव्याला 256 मीटरचा आवाज लावावा लागतो, आणि पहिला खांब त्याच्यापासून 255 मीटरवर! दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत आठही जण असेच बिचाऱ्या पहिल्याच्या कानाशी ओरडतात.

आता पहिला, पाचवा आणि आठवा यांना मुकादम करा. दोन ते पाच पहिल्याशी जोडा, सहा ते आठ पाचव्याशी, उरलेले दोन आठव्याशी. मोजून पाहा: कुठल्याही कानावर पाचांहून जास्त आवाज पडत नाहीत. जोडण्या मात्र दोन्हीकडे नऊच. खांब वाढवत नेले, तर शेजारधर्मात व्यत्यय खांबांच्या संख्येबरोबर वाढतो. मुकादम नीट निवडले, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

मुकादमाची बॅटरी लवकर संपेल, हा आक्षेप रास्त आहे. मग त्याला दिव्याच्या खांबावरून वीज द्या, किंवा मुकादमकी आळीपाळीने फिरवा. चॅनेल बदला, असाही सल्ला मिळतो; तो शेजारच्या वायफायपासून वाचवतो. एकाच चॅनेलवर बोलणाऱ्या आपल्याच माणसांपासून नाही.

खरा पेच इथला लोखंड बाजार घालतो. पत्र्यांच्या थप्प्या आणि कॉइलींवरून लहरी उसळतात, कुठे अडतात, आणि आवाज चहूकडे सारखाच पोचतो असं धरून वर मोजलेली माझी सगळी गोलगोल वर्तुळं मोडून पडतात. आकडे बदलतील, हे मान्य. पण तिथे तर मोजणी ऐकणाऱ्या सेन्सरपाशी उभं राहूनच करावी लागेल. पाठवणाऱ्याच्या माहितीपत्रकात छापलेला पल्ला थप्पीमागे काय ऐकू येतं ते सांगत नाही.